भरतपूरचं पाणी

भरतपूरला जाणारे लोक दोन जातींचे. एक गळ्यात दुर्बीण अडकवून जाणारे. त्यांना केवलादेवच्या पाणथळीतले करकोचे, बदकं, सारस बघायचे असतात, आणि गावात किल्ला आहे हे त्यांना हॉटेलच्या माहितीपत्रकातून कळतं. दुसरे इतिहासाचा नाद असलेले. त्यांना लोहागढ, डीगचे महाल, सूरजमल जाट यांत रस असतो. पक्षी म्हणजे त्यांच्या लेखी बायको-मुलांसाठी ठेवलेली अर्ध्या दिवसाची सोय. मी जानेवारीत चार दिवस काढून गेलो होतो तो दोन्ही करायचं ठरवून. परत आल्यावर या भागाबद्दल वाचत गेलो तसं लक्षात यायला लागलं की किल्ला, महाल आणि पक्षी ही तीन स्थळं म्हणून बघण्यात आपली फसगत होते. तिन्हींच्या मुळाशी एकच कसब आहे: पावसाळ्यात येणारं पाणी अडवायचं आणि हवं तेव्हा, हवं तिथे सोडायचं. भरतपूरचा इतिहास म्हणजे या झडपा कुणाच्या हातात होत्या, याचा इतिहास आहे.

आधी जमीन. भरतपूर हा बशीसारखा खोलगट भाग आहे. अरवलीच्या बाजूने गंभीर आणि बाणगंगा या नद्या येतात, डीगच्या अंगाला रूपारेल येते. नद्या म्हणायच्या, पण बारमाही एकही नाही. पावसाळ्यात एकदम येतात, बशीत पसरतात आणि हिवाळा संपेपर्यंत आटतात. अशा ठिकाणी राजधानी वसवणं हे तसं वेडेपणाचं काम. सूरजमलने ते केलं. लोहागढचं बांधकाम १७३२च्या सुमारास सुरू झालं. गावाला पुरापासून वाचवायला आणि शेतीला पाणी द्यायला अजान बांध घातला गेला, तोही त्याच्याच नावावर आहे. या बांधाची गंमत अशी की त्यात पाणी कायमचं साठवायचं नसतं. पावसाळ्यात भरायचं, मग हळूहळू सोडून द्यायचं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत रब्बीचं पीक घ्यायचं. सोडलेल्या पाण्यातलं काही बशीच्या सगळ्यात खोल भागात, केवलादेव महादेवाच्या देवळाभोवतीच्या झाडीत, जाऊन साचायचं. त्या दाट झाडीला लोक ‘घना’ म्हणतात. आजही रिक्षावाल्याला ‘नॅशनल पार्क’ म्हणण्याऐवजी ‘घना’ म्हटलं की तो जरा आपुलकीने बघतो.

आता किल्ला. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाची लोहागढ बघून निराशा होण्याची शक्यता आहे. आपल्याला किल्ला म्हणजे डोंगर, कडा, बुरूज, छातीत भरणारा दम. हा सपाटीवरचा, आणि नावात लोखंड असलं तरी तट मुख्यत्वे मातीचे. पण तोफखान्याच्या युगात मातीसारखी भिंत नाही. दगडी तटावर गोळा आदळला की चिरे निखळतात, खिंडार पडतं. मातीच्या जाड तटात तो रुतून बसतो. आणि तटाभोवती खंदक, त्याला सुजान गंगा म्हणतात. खंदकाचं पाणी जवळच्या मोती झील या तलावातून यायचं. म्हणजे शत्रू येईपर्यंत खंदक भरलेला ठेवायची गरज नव्हती. तो आला की झडप उघडायची.

मराठी माणसाला या राज्याबद्दल एक अवघडलेपण असतं. डीगला जाताना गाडीवाल्याने कुठून आलात विचारलं, मी पुणे म्हटलं, तर तो हसून म्हणाला, “पूना? मतलब पानिपतवाले!” २०१९च्या डिसेंबरात ‘पानिपत’ सिनेमातल्या सूरजमलच्या चित्रणावरून या भागात निदर्शनं झाली होती, ते त्याला नीट आठवत होतं. १७६०त सूरजमल भाऊसाहेबांच्या छावणीतून निघून गेला हे आपल्याकडे शाळेत शिकवतात. पानिपतानंतर उपाशी, जखमी, लुटले गेलेले मराठे त्याच्या मुलखात पोचले तेव्हा त्याने त्यांना खाऊपिऊ घातलं, पुढे जायची सोय केली, हे त्या मानाने कमी सांगतात. शिवाय हा माणूस आपला जुना शत्रूही होता. भरतपूर-डीग रस्त्यावर कुम्हेर लागतं. १७५४त मल्हारराव होळकरांनी त्या किल्ल्याला वेढा घातला असताना त्यांचा मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने तिथेच ठार झाला. अहिल्याबाईंचा नवरा. तो वाचला असता तर इंदूर-महेश्वरचा पुढचा इतिहास कसा झाला असता, हा खेळ ज्याने त्याने खेळावा. जवळच गांगरसोलीला त्याची छत्री आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की १७५४त होळकरांचा मुलगा ज्या राज्याच्या तोफेने मेला, त्याच राज्याने पन्नास वर्षांनी एका होळकराला तटाच्या आड घेतलं.

तो होळकर यशवंतराव. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात शिंदे आणि भोसले तह करून मोकळे झाले होते, हा एकटा लढत होता. १८०४च्या नोव्हेंबरात फर्रुखाबादजवळ जनरल लेकने त्याच्या घोडदळाला पहाटे गाठून झोडपलं, डीगजवळ त्याचं पायदळ हरलं, आणि डिसेंबरात डीगचा किल्लाही पडला. यशवंतराव भरतपूरच्या रणजितसिंहाच्या आश्रयाला आला. रणजितसिंह म्हणजे सूरजमलचा मुलगा (पंजाबातला तो वेगळा). लेक मागोमाग आला आणि १८०५च्या जानेवारीच्या सुरुवातीला त्याने भरतपूरसमोर तळ दिला.

लेक हा त्या काळातला कंपनीचा सगळ्यात यशस्वी सेनापती. दीड वर्षात अलीगढ, दिल्ली, आग्रा, लासवाडी. वेढ्याच्या अवजड तोफा त्याच्याकडे पुरेशा नव्हत्या, पण मातीच्या भिंतीला किती वेळ लागणार, असा एकूण भाव. ९ जानेवारीला पहिला हल्ला झाला. रात्रीच्या अंधारात तुकड्या वाट चुकल्या, खंदकात छातीभर पाणी निघालं, आणि खिंडारापर्यंत पोचलेले थोडे लोक मारून परतवले गेले.

दुसऱ्या हल्ल्याआधी लेकने खंदक नीट पाहून घ्यायचं ठरवलं, आणि ही गोष्ट इंग्रजांनीच लिहून ठेवलेली असल्यामुळे ती जास्त मजेदार आहे. देशी घोडदळातला एक हवालदार आणि दोन स्वार पळपुट्यांचं सोंग घेऊन किल्ल्याकडे भरधाव निघाले. मागून इंग्रज शिपाई त्यांच्यावर बार काढतायत, अर्थात नुसत्या दारूचे. खंदकाशी पोचून त्यांनी ओरडून विचारलं, आत कुठून यायचं? तटावरच्यांनी बिचाऱ्यांना दरवाज्याची दिशा दाखवली. तिघं खंदकाच्या काठाकाठाने दौडत खिंडारासमोरून गेले, काय बघायचं ते बघितलं, आणि घोडे वळवून परत छावणीत. त्यांनी सांगितलं, खंदक फार रुंदही नाही आणि फार खोलही नाही.

त्यांनी पाहिलं ते खोटं असायचं कारण नाही. पण २१ जानेवारीला फौज हलवता येण्याजोगे पूल घेऊन पोचली तेव्हा पूल तोकडे पडले. आतल्यांनी खिंडाराच्या खालच्या अंगाला खंदकात आडवा बांध घातला होता आणि वरून पाणी सोडलं होतं. नेमक्या त्याच जागी खंदक फुगून रुंद आणि खोल झाला होता. काठावर खोळंबलेल्या शिपायांवर तटावरून गोळीबार चालू राहिला. ज्या गावाला पावसाळ्याचं पाणी दर वर्षी इकडून तिकडे न्यायची सवय आहे, त्या गावाने लढाईतही तेच केलं. मला हा भाग वाचताना आश्चर्य वाटलं ते शौर्याचं नाही, इतक्या घाईत एवढं नेमकं काम करणाऱ्या माणसांचं. कुणी तरी खंदकाचा उतार, पाण्याचा पुरवठा, लागणारा वेळ यांचा हिशेब डोक्यात धरून होता. त्याचं नाव कुठल्याच बखरीत सापडायचं नाही.

२० आणि २१ फेब्रुवारीला आणखी दोन हल्ले झाले, तेही फसले. चार हल्ल्यांत मिळून कंपनीचे मेलेले आणि जखमी तीन हजारांच्या वर गेले. एप्रिलमध्ये तह झाला. रणजितसिंहाने वीस लाख रुपये कबूल केले आणि होळकराची बाजू सोडली, किल्ला मात्र त्याच्याकडेच राहिला. कागदावर इंग्रज जिंकले. पण हिंदुस्थानात पुढची वीस वर्षं ‘भरतपूर पडलं नाही’ एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं.

कंपनीनेही लक्षात ठेवलं, आणि ती चूक कुठे झाली हे शिकली. १८२५त गादीच्या वारसावरून भांडण झालं. बाल राजा बलवंतसिंहाला बाजूला करून दुर्जनसालने सत्ता घेतली, आणि डिसेंबरात लॉर्ड कॉम्बरमियर प्रचंड तोफखाना घेऊन आला. पण तोफा डागण्याआधी त्याच्या आघाडीच्या तुकडीने कुठे धाव घेतली? मोती झीलच्या बांधाकडे. आतल्यांनी खंदकात पाणी सोडण्यासाठी बांध फोडायला सुरुवातही केली होती. इंग्रजांनी जागा ताब्यात घेतली, पाण्याला पडलेली वाट बुजवली, आणि खंदक जवळपास कोरडा राहिला. पुढचं सगळं याच दिवशी ठरलं असं माझं मत आहे. कोरड्या खंदकातून सुरुंग खणता आले. १८ जानेवारी १८२६ला तटाखालचा मोठा सुरुंग उडाला, त्यात दहा हजार पौंड दारू होती म्हणतात, आणि त्याच दिवशी भरतपूर पडलं.

डीगबद्दल थोडक्यात, कारण तिथे जाऊन बघण्याला पर्याय नाही. ही जाटांची आधीची राजधानी, आणि इथे पाणी लढाईसाठी नाही, निव्वळ चैनीसाठी वापरलंय. गोपाळ भवन एका बाजूने तलावात उतरतं. बागेत शेकडो कारंजी, आणि त्यांच्यासाठी महालाच्या गच्चीवर एक भलीमोठी टाकी. बैल लावून विहिरींचं पाणी तिथे चढवायचं. टाकी भरायला कित्येक दिवस, रिकामी व्हायला काही तास. टाकीच्या भिंतीत भोकांच्या रांगा आहेत, एकेक भोक एकेका नळाचं. त्यांना बुचं मारलेली असायची, रंगीत कारंजी हवी असतील तर भोकात रंगाची पुरचुंडी. सर्व्हर रूममधल्या केबलींच्या जंजाळाशी रोज गाठ पडणाऱ्या माणसाला ही भिंत बघून घरच्यासारखं वाटतं. केशव भवनात तर छतावर दगडी गोळे ठेवून त्यांना पाण्याच्या जोराने गडगडायला लावत, म्हणजे खाली कारंजी आणि वर ढगांचा आवाज. उन्हाळ्यात पावसाळा. ज्या मुलखात पावसाची अशी वाट बघावी लागते तिथल्याच राजाला हे सुचणार.

आता पक्षी. घनात पूर्वापार पाणी साचत होतं, पक्षी येत होते. पण आज आपण बघतो ती पाणथळ बांधलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी भरतपूरचा कारभार बघत होते. त्यांनी खोलगट भागात छोटे बंधारे घातले, कप्पे पाडले, प्रत्येकाला झडपा बसवल्या, अजान बांधाचं पाणी कालव्याने आत आणलं. कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी. इंग्रज पाहुणे खूश ठेवायचे तर बदकं पाहिजेत, बदकं पाहिजेत तर पाण्याची पातळी हातात पाहिजे. १९०२त लॉर्ड कर्झनच्या हजेरीत इथली शिकार सुरू झाली. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी पाट्या आहेत: तारीख, पाहुणा, बंदुका, मेलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेजवानीत ४,२७३ पक्षी पडले. सगळे पर्यटक या आकड्याचा फोटो काढतात, मीही काढला. दोन पावलांवर पाण्यात वारकरी पोहत होते. पंढरीचे नाहीत, काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी मराठीत त्या नावानेही ओळखला जातो.

एका हौसेखातर केलेलं काम टिकलं कसं, याला बरीच माणसं कारण आहेत. त्यांतले एक मुंबईचे सलीम अली. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीला द्यावी, पाणी शेताकडे वळवावं अशी मागणी जोरात होती, आणि ती अन्यायाची होती असं मला म्हणवत नाही. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन घना वाचवलं. १९५६त अभयारण्य झालं, तरी राजाचा शिकारीचा हक्क १९७२पर्यंत शाबूत होता. म्हणजे सोळा वर्षं पक्षी सरकारच्या संरक्षणात होते आणि राजाच्या बंदुकीसमोरही.

१९८१त रामसर यादी, पाठोपाठ राष्ट्रीय उद्यान, १९८५त जागतिक वारसा. कागद पक्के होत गेले. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की कायद्याने चराई बंद. आजूबाजूच्या गावांची सुमारे अडीच हजार गुरं-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत होती. पक्षीशास्त्रज्ञांचा सल्ला बंदीच्या बाजूने होता, गावांना पर्याय काय द्यायचा याचा विचार कुणी फारसा केला नाही. १९८२च्या नोव्हेंबरात बंदी आली, भिंत आली, गावकऱ्यांनी म्हशी घेऊन आत शिरायचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी गोळीबार केला. किती माणसं मेली? काही ठिकाणी सात लिहिलंय, काही ठिकाणी नऊ. १९३८च्या बदकांचा हिशेब मात्र शेवटच्या तीनपर्यंत दगडात कोरलेला आहे.

म्हशी गेल्यावर काय झालं, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच नोंदवून ठेवलं. त्यांचा इथला अभ्यास १९८०च्या दशकभर चालला. पास्पलम नावाचं एक गवत पाण्यात माजलं. म्हशी खात होत्या तोवर ते आटोक्यात होतं. आता त्याची चादर झाली. उघडं पाणी कमी झालं, बदकांना उतरायला जागा उरेना, माशांना अडचण, पाण्यातले कंद खाणाऱ्या पक्ष्यांना खाणं मिळेना. डॉ. विजयन यांच्या चमूचा निष्कर्ष होता की म्हैस ही या पाणथळीतली उपरी नव्हती, तिच्यावर पाणथळ अवलंबून होती. आमच्या धंद्यात जुन्या प्रणालीतला एखादा भाग ‘हा काय करतो कुणालाच माहीत नाही’ म्हणून काढून टाकतात आणि तिसऱ्या दिवशी भलतीकडेच काही तरी बंद पडतं. पण तिथे जुना भाग परत बसवता येतो. इथे बंदी उठवता आली नाही. कायदा होता, आणि सांडलेलं रक्त होतं. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी मिळाली, नंतर उद्यानात माजलेली विलायती बाभूळ उपटून नेण्याचं कामही. म्हशीचं काम माणसाने विळ्याने करायचं.

सायबेरियन क्रौंच याच काळात संपले. १९६०च्या दशकाच्या मध्याला ते इथे दोनशेच्या आसपास मोजले गेले होते. पुढे दर हिवाळ्याला कमी, मधली एक-दोन वर्षं शून्य, मग परत चार, आणि २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी. त्याचा सगळा दोष भरतपूरवर टाकता येत नाही. अफगाणिस्तानावरून येणाऱ्या या पक्ष्याच्या वाटेवर युद्ध होतं आणि शिकारी होते. ज्या रिक्षावाल्या सरदारजींबरोबर मी तीन दिवस फिरलो त्यांनी ते पाहिले होते. धुक्यात पांढऱ्यावर पांढरं, तोंड तेवढं लाल, असं ते हाताने दाखवत सांगत होते. पर्यटक आजही त्यांच्याबद्दल विचारतात, याचा त्यांना कंटाळा आलेला दिसला.

आणि मग मूळ प्रश्न: पाणी येतं कुठून? बाणगंगा तर आधीच गेली होती. वर जयपूरकडे तिच्यावर रामगढ धरण आहे. १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती त्याच जलाशयावर झाल्या, म्हणजे भरतपुरात गोळीबार झाला त्याच हिवाळ्यात. नंतर तो जलाशयही कोरडा पडला. उरली गंभीर. तिच्यावर करौलीजवळ पांचना धरण बांधलं गेलं. पाच छोट्या नद्यांचं पाणी येतं म्हणून पांचना. गंमत म्हणजे हेही मातीचंच. २००४त दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला, सरकारने त्यांचं ऐकलं, आणि घनाचे कप्पे कोरडे पडले. पुढची काही वर्षं फार वाईट होती. करकोच्यांनी घरटी करावीत अशी झाडं उभी होती, खाली भेगाळलेली जमीन. युनेस्कोच्या बैठकांत भरतपूरच्या पाण्याचा विषय वारंवार निघू लागला.

घनाला वर्षाला लागतं साधारण ५५ कोटी घनफूट पाणी. आपल्या हिशेबात अर्ध्या टीएमसीहून किंचित जास्त, खडकवासल्याच्या पाव हिश्श्याच्या जरा वर. एका जागतिक वारसा स्थळासाठी हे काहीच नाही असं पुण्यात बसून म्हणता येतं. करौलीत ज्याची विहीर आटली आहे त्याच्यासमोर म्हणता येत नाही. पुणे आणि इंदापूर-दौंड यांच्यात खडकवासल्याच्या आवर्तनावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजवायला नको.

उपाय निघाले. यमुनेच्या बाजूने येणाऱ्या गोवर्धन ड्रेनमधून पाणी उचलून पाईपने आणलं गेलं. पिण्याच्या पाण्याच्या योजनेतून चंबळचं थोडं मिळालं. मी गेलो तेव्हा कप्पे भरलेले होते, थापट्या आणि तलवार बदकांचे थवे होते, तिरंदाज पंख पसरून वाळत बसले होते. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटणार नाही.

पण गंभीरच्या पुराबरोबर फक्त पाणी येत नसे. त्यात माशांची पिल्लं असत, एका अंदाजानुसार वर्षाला साडेसहा कोटी. चित्रबलाकाची पिल्लं पावसाळा संपता संपता घरट्यांत असतात ती त्या माशांच्या भरवशावर. नळाच्या पाण्यात मासे नसतात. सरदारजींच्या मते करकोच्यांचं वर्ष कसं जाणार हे ऑगस्टमध्येच कळतं: करौलीला जोराचा पाऊस झाला, पांचना भरून दरवाजे उघडावे लागले आणि गंभीरचं गढूळ पाणी अजान बांधापर्यंत आलं, तर ठीक. नाही आलं तर पाईप आहेच. त्यांच्या मोबाईलवर करौलीतल्या कुणा नातेवाइकाने पाठवलेला धरणाचा व्हिडिओ होता, गेल्या पावसाळ्यातला. दरवाज्यातून तपकिरी लोंढा कोसळत होता, आणि धरणाच्या कठड्याशी उभे असलेले लोक शिट्ट्या मारत होते.